‘लेट’ म्हणजे

मूकवाचक आता तालुक्याच्या दवाखान्यातही असतो. जीभ आणि हात दोन्ही निकामी झालेला माणूस मनात शब्द जुळवतो, तेव्हा मेंदूत उठणाऱ्या तरंगांवरून हे यंत्र तो शब्द पडद्यावर उमटवतं. यंत्राला कळतो फक्त उच्चार. अर्थ माणसांनी लावायचा.

प्राध्यापक मधुसूदन टिळेकरांच्या शब्दाचा अर्थ त्यांच्या मुलीने, हेमांगीने लावला होता. स्नायूंच्या आजाराने ते वर्षभर श्वासयंत्रावर होते. ते काढायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पडद्यावर ‘लेट’ एवढंच उमटलं. पुढे काहीच नाही. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाने इंग्रजीत उत्तर द्यावं, याचं कोणाला नवल वाटलं नाही. ‘लेट मी गो’ म्हणताहेत, जाऊ द्या म्हणताहेत, असं हेमांगीने सांगितलं. तिच्या आईने, कुमुदताईंनी, नुसती होकारार्थी मान हलवली. त्याच दिवशी श्वासयंत्र काढलं. आपण अर्थ फार चटकन लावला, हे हेमांगीला तेव्हाही आतून टोचलं होतं.

काही वर्षांनी डॉ. नचिकेत बोंद्रे यांनी अर्थपट शोधला. शब्द एकच असला तरी प्रत्येक अर्थाला मेंदूत वेगळ्या जागा उजळतात. त्या जागांचा नकाशा म्हणजे अर्थपट. टिळेकरांचे तरंग जपून ठेवलेले होते. ते तपासायला बोंद्रेंनी हेमांगीची परवानगी मागितली.

“नाही म्हणालात तरी चालेल,” ते म्हणाले. “पण एकदा कळलं की न कळल्यासारखं वागता येणार नाही.”

एवढ्याशा शब्दाला असे किती अर्थ असणार, असं हेमांगीने विचारलं. बोंद्रेंनी सांगितलं, की जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ होऊ देणं, दुसऱ्याचा अडवणं. शतकानुशतकं झिजून दोघांचं रूप सारखं झालं. दुसरा आता जवळजवळ मेला आहे, खेळात मात्र जिवंत राहिला आहे.

तिने होकार दिला.

अर्थपटावर ‘होऊ देणं’ काळोखातच राहिलं. उजळल्या त्या चेंडूवर नजर ठेवण्याच्या आणि मनगट वळवण्याच्या जागा. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला, की त्याला ‘लेट’ म्हणतात, बोंद्रे हळू आवाजात म्हणाले. तो डाव धरायचा नाही.

“मग काय करायचं?”

“सर्व्हिस पुन्हा करायची.”

आईला हे सांगायचं नाही, असं हेमांगीने वाटेतच ठरवलं. घरी कुमुदताई मटार सोलत बसल्या होत्या. आपण अर्थ बरोबर लावला होता, बाबांना जायचंच होतं, असं तिने सांगून टाकलं.

कुमुदताईंनी हातातल्या शेंगेतले दाणे वाटीत टाकले.

“क्लबात तीस वर्षं टेबल टेनिस खेळलो आम्ही,” त्या म्हणाल्या. “चेंडू जाळीला लागला की हे ‘लेट’ म्हणायचे आणि हसून सर्व्हिस परत मागायचे. पडद्यावर शब्द उमटला तेव्हाच मला कळलं होतं.”

मग बोलली का नाहीस, असं हेमांगीला विचारायचं होतं.

“थकले होते गं मी,” कुमुदताई म्हणाल्या. “आणि तू इतक्या खात्रीने सांगितलंस.”