मागचा डावा शॉकअप

"मागचा डावा गेला."

पूर्वीनं हे स्वतःशीच म्हटलं होतं. जंक्शन गावच्या स्टॉपवर ती बारामतीच्या एसटीची वाट बघत उभी होती. समोरच्या स्पीडब्रेकरवरून एक कोरी करकरीत फोर-बाय-फोर सावकाश उतरली. मातकट हिरवी, उंच, पुढच्या जाळीवर झेंडूची वाळकी माळ अजून तशीच. ब्रेकर मागं पडला तरी गाडीचं मागलं अंग डुलतच राहिलं, झोपाळ्यावरनं कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं.

काचा उघड्या होत्या. गाडी थांबली, हळूहळू मागं आली.

"कोण गेला म्हणालात?"

विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काळजी होती. आता भर रस्त्यात परक्या माणसाला काय सांगायचं... पण तोंडातून निघालेलं गिळता येत नाही.

"शॉकअप. चाकाजवळचा. खड्ड्याचा दणका तोच पिऊन टाकतो ना, तो तुमचा गळतोय."

"नवी हाय ओ गाडी. अक्षय्य तृतीयेला घेतलीय."

"मग नवाच गेलाय."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. मागचं डावं बघता बघता हे डावंही आपल्याला दिसलं, याचा पूर्वीला स्वतःचाच राग आला. तिनं वर्कशॉपचं नाव सांगितलं, दाखवून घ्या म्हणाली. मी तिकडंच चाललोय, बसा, असं तो म्हणाला. ती नको म्हणाली. तेवढ्यात एसटी आली.

एसटी प्रत्येक थांब्यावर थांबली आणि प्रत्येक थांब्यावर तिच्या मागं ती हिरवी गाडीही थांबली. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं. पूर्वीनं एकदाही बघितलं नाही. म्हणजे, वळून नाही बघितलं. आरशात दिसत होतंच.

पूर्वी बारामती एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होती. गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐकायचं, मग गाडी काय सांगतेय ते बघायचं, आणि दोघांतलं खरं कोण बोलतंय ते ठरवायचं, असं ते काम. तिथं ती एकटीच मुलगी, आणि अजून प्रोबेशनवर. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये घर. तिथं आईशी, म्हणजे सुधाताईंशी, तिचा एक तह झालेला. नोकरी कायम झाली की पुण्याची स्थळं बंद, मग पूर्वी सांगेल तेव्हा आणि सांगेल तोच. कायम झाली नाही तर मात्र आईचं ऐकायचं. आईनं तिचा साडीतला फोटो आधीच काढून ठेवला होता. आई लोक तहावर सही करतात, पण तयारी लढाईची ठेवतात.

गाडीवाल्याचं नाव ऋषिराज. अंथुर्ण्याचा, घरचा ऊस, घरात आई आणि आबा. गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा पूर्वीचं म्हणणं खरं निघालं. डाव्या शॉकअपमधून तेल ओघळून खाली धूळ धरून बसलं होतं. म्हातारा मेकॅनिक बिरूदादा म्हणाला की ताई, याला घाम आलेला नाही, हा गळतोच आहे. थोडा घाम येणं चालतं, गळणं नाही.

कंपनीचे पुण्याचे इंजिनियर केयूर सर फोनवर मात्र ऐकेनात. खराब रस्त्यावर दामटली असणार, वॉरंटीत बसत नाही, हे त्यांचं एकच पालुपद. पूर्वीनं शांतपणे सांगितलं की सर, तुमच्या जाहिरातीत ही गाडी बर्फाच्या डोंगरावर चढते. आमच्याकडं बर्फही नाही आणि डोंगरही नाही. ही बिचारी उसाच्या फडापर्यंत जाते. तेवढ्यानं गळाली असेल तर भागच खराब आहे, मी स्वतः बघितलंय, माझ्या शब्दावर घ्या.

सरांनी तिच्या शब्दावर घेतलं. मागचे दोन्ही शॉकअप नवे बसले. ऋषिराज काउंटरशेजारी उभा राहून हे सगळं ऐकत होता. निघताना त्याला बरंच काही बोलायचं असावं, पण म्हणाला एवढंच, "तुमी लई चांगलं भांडता."

त्यानंतर त्या गाडीला नाना व्याधी जडल्या. हॉर्न बारीक वाजतो. वायपरचं पाणी तिरकं उडतं. मागच्या सीटखाली काहीतरी खुडबुडतं — ते आबांचं अडकित्ता-चंचीचं डबडं निघालं. दर वेळी पूर्वी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घ्यायची, आणि तो गेल्यावर बिरूदादा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "गाडी बरी हाय ताई. मालकाला ॲडमिट करून घ्या."

मग पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऋषिराज आला, पण नेहमीसारखा हसला नाही. शॉकअप परत गळतायत, म्हणाला. दोन्ही.

पूर्वी टॉर्च घेऊन चाकामागं वाकली. खरंच, दोन्हींवर तेल चमकत होतं. अशा वेळी नियम साधा असतो: फडक्यानं पुसायचं, गाडी फिरवून आणायची आणि परत बघायचं. फडकं तिच्या हातातच होतं. पण ऋषिराजही शेजारी वाकला होता, बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, आणि त्याच्या केसांवर ते बारीक थेंब...

"डबा खाल्ला का तुमी?" त्यानं हळूच विचारलं.

एवढंच. पण त्या एवढ्यानं फडकं हातातच राहिलं. पूर्वी उठली आणि तिनं पुण्याला कळवून टाकलं की नवे शॉकअपही गळतायत.

या वेळी केयूर सर फोनवर बोललेच नाहीत. स्वतः आले. मॅनेजरनं पूर्वीला बाजूला घेऊन सांगितलं की तुला कायम करायचं का ते सरच ठरवणार आहेत, तेव्हा तुझं म्हणणं पक्कं असू दे. ऋषिराजलाही बोलावून घेतलं होतं. तो आला आणि पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहिला. आज त्यानं डब्याचं विचारलं नाही.

गाडी वर गेली. सरांनी डाव्या शॉकअपवरून बोट फिरवलं. बोटाकडं बघितलं. मग बिरूदादापुढं धरलं.

बिरूदादानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय हे उघड होतं.

"सायेब, ह्याला फोडणीचा वास येतोय."

खरंच तेल पिवळं होतं. शेंगतेल आणि हळद. फडक्यानं पुसलं तर खाली शॉकअप कोरडा ठणठणीत, ना घाम ना गळती. आजूबाजूच्या मेकॅनिकांनी आपापल्या गाड्यांत डोकी खुपसली, पण हसू काही बॉनेटखाली मावत नव्हतं.

सर हसले नाहीत. "मॅडम, तुम्ही पुसून बघितलं होतं?"

हो म्हणाली असती तर कोण विचारणार होतं? परत कुणी लावलं असेल, असं म्हणता आलं असतं.

"नाही सर," ती म्हणाली. "टॉर्चनं बघितलं. पुसलं नाही. माझं चुकलं."

"त्यांचं न्हाय चुकलं." ऋषिराज पिंपाजवळून पुढं आला. मग त्यानं सांगितलं. आबांची बैलजोडी दोन वर्षांमागं गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळायचे, हा आबांचा जन्माचा रिवाज. यंदा त्यांना राहवलं नाही. वजन जिथं बसतं तो खांदा, असं म्हणत पाट घेऊन गाडीमागं बसले, दोन्ही शॉकअप मनापासून मळले, आणि गाडीला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतणही दिलं.

एका मेकॅनिकनं डोकं बाहेर काढून विचारलं, मग जेवली का? ऋषिराज म्हणाला, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली होती, ती कावळ्यानं नेली.

आता सरांच्याही ओठाचा कोपरा हलला. पण ते मुद्द्याचे माणूस. "हे तुम्हाला नंतर कळलं का?"

ऋषिराजनं मान खाली घातली. "न्हाय. तेलाची वाटी माझ्याच हातात हुती."

"मग गाडी आणलीत कशाला?"

वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर नेमका तेव्हाच बंद पडला. सगळं शांत झालं.

"ह्यांना भेटायला... दुसरं काई कारण उरलं नव्हतं." तो पूर्वीकडं न बघता बोलत होता. "गळतंय म्हणून मी खोटं बोललो. त्यांनी माझ्यावर इश्वास ठिवला. काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा. पुढची वॉरंटी काढून घ्या. त्यांच्या नोकरीला हात लावू नका."

पूर्वीचे कान तापले. जिथं कुणी आपल्याला नुसती पोरगी म्हणू नये म्हणून ती रोज गुडघे काळे करून घेत होती, तिथंच हे असं... चारचौघांत. रागानं डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या रागाच्या आत कुठंतरी, अगदी तळाशी, फार गोड काहीतरी हललं. त्याचा तिला आणखी राग आला.

"त्यांचं खोटं त्यांच्या नावावर लिहा," ती सरांना म्हणाली. "पुसलं नाही ते माझ्या नावावर. दोन्ही वेगळी आहेत."

सरांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, चष्मा पुसला आणि निर्णय सांगितला. ऋषिराजला ताकीद. आणि पूर्वीचं कायम होणं दिवाळीपर्यंत पुढं. नोकरी जाणार नाही, पण आज कायमही नाही. वर म्हणाले, "खरं बोललात म्हणून दिवाळी. नाहीतर आजच संपलं होतं. आता ट्रायल घेऊन या. तक्रारीची गाडी ट्रायलशिवाय सोडायची नाही."

गाडी पूर्वीनं चालवायला घेतली. ऋषिराज शेजारी बसला, मांडीवर हात ठेवून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. सकाळची भुरभुर थांबली होती. रस्ता ओला, दोन्ही बाजूंना ऊस, आणि कालव्याच्या पाण्याचा तो गार वास. बराच वेळ ती एकटीच बोलत होती. तुम्हाला काय वाटलं, वर्कशॉप म्हणजे बागेतला बाक आहे का? मला तिथं किती जपून पाय टाकावे लागतात माहीत आहे का? तो प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होता. अशा हो म्हणणाऱ्याशी भांडताही येत नाही नीट.

"घरी मी सांगून बसलेय, कायम झाले की माझं मी बघेन म्हणून," ती म्हणाली. "आता तुमच्या त्या तेलापायी आपलं दिवाळीपर्यंत लांबलं."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्याच्याही आलं होतं. तो हळूहळू तिच्याकडं वळला.

"आपलं?"

गियर बदलायची काही गरज नव्हती. तिनं बदलला.

"माझं म्हणायचं होतं."

"पण म्हणलात आपलं."

"बोलू नका," पूर्वी म्हणाली. "ट्रायलमध्ये गाडीचा आवाज ऐकायचा असतो."

मग दोघं ऐकत राहिले. एक ब्रेकर आला, गाडी चढली, उतरली आणि जागच्या जागी शांत झाली. दुसरा आला. काही वाजलं नाही, काही डुललं नाही. त्याचा हात सीटच्या कडेला होता, तिचा गियरवर. मध्ये फारसं अंतर नव्हतं, आणि ते कमी करायची दोघांनाही घाई नव्हती.

"दिवाळीपातूर मी वर्कशॉपच्या फाटकाकडं फिरकणार न्हाय," तो म्हणाला. "शब्द हाय माझा. तुमचं कायम हुदे. मग आईला आणि आबांना घिऊन, रीतसर, तुमच्या क्वार्टरवर येतो. आणि तुमी नको म्हणलात तर... गाडी दुसऱ्या गावात दुरुस्त करीन."

पूर्वीनं गाडी हळू केली. ट्रायल इथून परतायची असते, म्हणून तिनं वळायला इंडिकेटर दिला होता. तो टिक टिक वाजत होता.

"काई आवाज येतोय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग वळायचं का मागं?"

वळण समोर होतं. पूर्वीनं त्याच्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

"अजून एखादा ब्रेकर बघायला हवा," ती म्हणाली. "खात्रीसाठी."

"हायत की. पार इंदापूरपातूर हायत."

तिनं इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली.