आईच्या वाटणीचा पाव

“ताई…”

नऊ वर्षांनी ही हाक! लेपोसावाच्या हातातली आलुबुखारांची पाटी अंगणातच कलंडली. फाटकाबाहेर रादोये उभा होता, तिचा धाकटा भाऊ… टोपी हातात, नजर जमिनीवर. रस्त्यात समोर आली तरी मान फिरवून जाणारा हा भाऊ आज आपल्या पायांनी तिच्या दारी आला होता!

“आत येत नाही मी,” तो घाईनं म्हणाला. “नेवेनासाठी आलोय. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तुला बोलावलंय.”

“मला? मी काय नाडी बघणार आहे तिची?”

“पोरीनं सांगितलं त्यांना, माझी आत्या पाव खात नाही म्हणून. झालं! म्हणाल्या, आत्याला घेऊन या.”

गाडीत मागच्या सीटवर नेवेना बसली होती. त्याची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची. आत्याला पाहून तिनं हात हलवला, बाही कोपरापर्यंत घसरली आणि लेपोसावाच्या काळजात चर्र झालं. तेच काडीसारखं मनगट… आईचं! तीन वर्षं पोरीला लोहाच्या गोळ्या देत होते, अभ्यासाचा ताण म्हणत होते, आणि पोर दिवसेंदिवस वाळत चालली होती. लेपोसावानं एप्रन सोडला, दाराला कडी घातली आणि गाडीत जाऊन बसली.

वाटेत रादोयेची नजर रस्त्यावर, तिची खिडकीबाहेर. तिला तो दिवस आठवला. नऊ वर्षांपूर्वी घराण्याच्या संताच्या सणाला, साखर-अक्रोड घालून शिजवलेला गहू गेलेल्यांच्या नावानं चमचाचमचा वाटला जात होता, तेव्हा लेपोसावानं तो तोंडात घेतला आणि हळूच रुमालात काढला. रादोयेनं ते पाहिलं. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर तो कडाडला होता, “आईनं स्वतःच्या तोंडचा घास आम्हाला भरवला, उपाशी मेली ती! आणि तुला तिच्या नावाचा चमचाभर गहू गिळवत नाही? एवढे नखरे? चालती हो!”

एका वाक्यात ती त्याचं तोंड बंद करू शकली असती. ते वाक्य तिनं गिळलं आणि ती चालती झाली.

ते वाक्य आईचं होतं… आणि आई म्हटलं की लेपोसावाला आजही पहाटेचं ते स्वयंपाकघर दिसे. चुलीतल्या निखाऱ्यांवरून आई लोखंडी झाकण उचलायची आणि ताज्या पावाचा तो वास, अहाहा, थेट पांघरुणात शिरायचा! आई गरम पावाचे चार वाटे करी, आणि आपला वाटा रादोयेच्या चिमुकल्या ओंजळीत ठेवी. “खा रे माझ्या राजा, मला भूक नाही.” मग स्वतः कोपऱ्यात बसून मक्याचा घाटा खाई. किती गोड दिवस होते ते, आणि किती थोडे!

एकदा मात्र लग्नघरी आईला आग्रहानं पाव खावा लागला, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे आई पोट धरून लोळताना लेपोसावाला दिसली. “पाव सोसत नाही ग मला, आग पडते पोटात. कुणाला सांगू नकोस. तुझ्या आजीला कळलं तर दुखणाईत सून म्हणून माहेरी धाडेल मला.” पुढे दोन वर्षांत आई गेली. लेपोसावा पंधरा वर्षांची होती, रादोये सहा. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो विचारायचा, “आई तिचा पाव मलाच द्यायची ना ग? माझ्यावरच जास्त माया होती ना तिची?”

“हो रे सोन्या, तुझ्यावरच.”

एवढ्या एका गोष्टीवर ते पोर मोठं झालं. पुढे लेपोसावाचंही पोट तसंच दुखू लागलं, तिनंही पाव सोडला, सासरी तीन गर्भ गेले, नवऱ्यानं वांझ म्हणून परत आणून सोडलं… पण ती गोष्ट तिनं मोडू दिली नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. “मुलीची आजी कशानं गेली?”

“उपासमारीनं,” रादोये ताठ बसून म्हणाला. “आजार कसला! आम्हाला पाव देऊन स्वतः उपाशी राहायची. देवमाणूस होती.”

डॉक्टरीणबाई तसंच लिहून घेऊ लागल्या. लेपोसावानं नेवेनाकडे पाहिलं. ओठ पांढरे, डोळे खोल गेलेले… आणखी एक मनगट मातीत घालायचं? भावाचं सुख राखायचं की भावाची लेक?

“खोटं आहे ते,” ती म्हणाली.

“ताई!”

“आईला पाव सोसत नव्हता, डॉक्टरीणबाई. खाल्ला की लोळायची. म्हणून दुसऱ्यांना द्यायची. मलाही तसंच होतं.” आणि मग तीन गर्भांचंही तिनं सांगितलं, मान खाली घालून.

रादोयेच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो उठला आणि दार आपटून बाहेर गेला.

“सीलिअ‍ॅक म्हणतात याला,” डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या. “गव्हाचं पीठ आतड्यांना सोसत नाही. घराण्यात चालत येतं. तुमचे गर्भ गेले, त्यालाही कदाचित हेच कारण असेल, बाई.” लेपोसावानं चटकन मान वर केली. चाळीस वर्षं ती स्वतःला अपशकुनी समजत आली होती!

“पण एक अडचण आहे. तुम्ही पाव सोडलाय, आणि पोट दुखतं म्हणून हिनंही अलीकडे सोडलाय. आता रक्त तपासलं तर काहीच दिसणार नाही. आधी सहा आठवडे रोज पाव खावा लागेल.”

नेवेना रडायलाच लागली. “मला नाही जमणार… आत्या, मरेन ग मी!”

“मरतेस कशाला? मी आहे ना बरोबर. बघू, आधी कोण रडतंय!”

असे ते सहा आठवडे गेले. रोज सकाळी लेपोसावा भावाच्या घरी जाई. टेबलावर पाव कापून ठेवलेला असे आणि रादोये परसात निघून गेलेला. आत्या-भाची समोरासमोर बसून घास घास गिळत, मग दोघी दोन पलंगांवर पोटाशी गरम विटा धरून पडत. “आत्या, झोपलीस?” “झोपते कसली! माझ्या पोटात लग्नाची वरात नाचतेय, तुझ्या?” आणि कण्हता कण्हता दोघी हसत. चौसष्ट वर्षांच्या त्या बाईला रोज वाटे, उद्या जमणार नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येई.

मग रक्त तपासलं, आतड्यात दुर्बीण घातली. दोघींनाही तोच आजार निघाला. “औषध काही नाही,” डॉक्टरीणबाई हसल्या. “गहू बंद, कायमचा. वर्षभरात ही पोर ओळखू येणार नाही तुम्हाला!”

नेवेना कागद घ्यायला खिडकीशी गेली. बाहेरच्या बाकावर भाऊ-बहीण दोघंच उरली. हातातली टोपी चुरगाळत रादोये म्हणाला, “म्हणजे आईनं माझ्यासाठी काही सोडलंच नव्हतं.”

“वेडा आहेस का? रोज पहाटे उठून पाव भाजायची, आणि त्यातला घासही तिच्या नशिबी नव्हता! स्वतःसाठी भाजत होती का ती?”

त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. “आणि तू? मी तुला भरल्या घरातून हाकललं… एक शब्द बोलली असतीस! का नाही बोललीस ग?”

“तुझ्याजवळ आईचं दुसरं होतंच काय, रादोये? फोटोसुद्धा नाही एक. तेवढी एकच गोष्ट होती. ती कशी काढून घेऊ?”

आणि तो पंचावन्न वर्षांचा माणूस, इस्पितळाच्या त्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हुंदके देऊन रडू लागला. तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या तोंडावर दाबून धरले.

“ताई, मला आईचा चेहराच आठवत नाही ग… कधीच आठवला नाही. डोळे मिटून आई म्हटलं ना, की प्रत्येक वेळी तूच दिसतेस!”