ओत्सोचा पुसलेला पट्टा

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल सोडून द्या. मी आयुष्यभर थापा मारल्या, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. माझ्या गळाला लागलेला मासा दरवर्षी वीतभर वाढतो.

पण ही गोष्ट मी वाढवलेली नाही. उलट थोडी कापलीच आहे.

अमावस्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. कुठे घुबडसुद्धा ओरडलं नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा बुधवार होता. दुपारचे सव्वादोन. मिशिगनच्या पार उत्तरेकडचं आमचं हेरॉन तळं गोठून दगड झालेलं, आणि त्यावर डोळे दिपवणारं ऊन.

भरदिवसा घडलं, म्हणूनच मार्लिस अजून त्यातून सावरलेली नाही.

मार्लिस कोस्केला पाळीव जनावरांचे फोटो काढते. लग्नाचे काढत नाही. तिचं म्हणणं, नवरा-नवरीपेक्षा कुत्री सांगितलेलं लवकर ऐकतात. त्या दुपारी ती आली होती ईना राउतिओकडे. ईना चौऱ्याहत्तर वर्षांची, तळ्याच्या अगदी काठावर राहणारी, आणि घरात दुसरं माणूस नाही. होता तो फक्त ओत्सो. काळा, अस्वलाएवढा, चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा. कानांनी ठार बहिरा. मागचा डावा पाय फरफटत चालायचा.

शुक्रवारी सकाळी जनावरांचा डॉक्टर घरी येणार होता. ओत्सोला शेवटची सुई द्यायला.

त्याआधी ईनाला त्याचा एक फोटो हवा होता. एकच. ओत्सो समोर बघतोय असा.

आधी कॉफी झाली, वेलदोड्याचा गोड पाव झाला. तेव्हा ईनाने पुन्हा एकदा ते सगळं सांगितलं. गावाला ते पाठ होतं, पण मार्लिसने ऐकून घेतलं.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. ईनाचा नवरा वायनो बर्फाला भोक पाडून मासे धरायला तळ्यावर गेला होता. ओत्सो सोबत. वायनोची एक सवय होती. ओत्सोचा तांबडा विणलेला दोर तो हातात धरत नसे, कमरेला बांधायचा. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून.

बर्फ फुटला.

पाण्यात जाता जाता वायनोने एकच काम केलं. ओत्सोच्या गळपट्ट्यातली दोराची कडी काढली. कुत्रा सोबत ओढला जाऊ नये म्हणून.

ओत्सो एकटा घरी आला. गळ्यात नुसता गळपट्टा. वायनो सापडला नाही. दोरही नाही.

"दार खरवडत होता गं," ईना म्हणाली. "मला वाटलं, खायला मागतोय. टीव्हीवर मालिका लागली होती. पाऊण तास उठले नाही मी."

मग तिने कप खाली ठेवला.

"वायनो एकटा गेला. ह्याला मी एकटं जाऊ देणार नाही. शुक्रवारी माझा हात त्याच्यावर असणार. तेवढं झालं, की मी सुटले."

तेवढंच तिला हवं होतं. हे लक्षात ठेवा.

आता मार्लिसच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. कुत्रा कितीही गुणी असो, फोटोसाठी त्याला मोकळा सोडत नाहीत. पट्टा मालकाच्या हातात असतो. मग त्याच जागेवरून रिकाम्या अंगणाचा आणखी एक फोटो घेतात. पुढे कॉम्प्युटरवर त्या रिकाम्या फोटोच्या आधाराने पट्टा पुसून टाकायचा. कुत्रा आपखुशीने, मोकळाच बसलाय असं दिसतं.

शेकडो पट्टे पुसलेत मार्लिसने. हात बसलाय.

ओत्सोला व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली बसवलं. निळा पट्टा धरून ईना उजवीकडे, चौकटीबाहेर उभी. मार्लिसने कॅमेरा रोखला.

ओत्सो बघेना.

तिने चूंचूं वाजणारं खेळणं दाबलं, मग स्वतःच जीभ चावली. बहिऱ्याला काय त्याचं. चीजचा तुकडा नाचवला. गुडघ्यांवर बसून मान हलवली. शेवटी दोन्ही हात कानाशी धरून सशासारखी उड्या मारू लागली.

"तो बघतोय तुझ्याकडे," ईना म्हणाली. "पण त्याला तुझी कीव येतेय."

दोघी हसल्या.

आणि तेवढ्यात...

ओत्सोचे कान उभे राहिले.

बहिऱ्या कुत्र्याचे कान.

त्याने मान डावीकडे वळवली. अंगण संपून तळं सुरू होतं, त्या काठाकडे. तिथे कुणीच नव्हतं. पण त्याची नजर जमिनीवर नव्हती, आभाळात नव्हती. उभ्या माणसाचा चेहरा जिथे असतो, बरोब्बर तिथे होती.

मग शेपूट हललं. बर्फावर धप. धप. धप.

ईनाचं हसू मावळलं.

"तीन वर्षांत," ती हळूच म्हणाली, "ह्याने शेपूट हलवलेलं नाही."

इथे मार्लिस चुकली. चूक कसली म्हणा, सवयच तिची. कुत्रा कॅमेऱ्याकडे बघत नसेल, तर कुत्रा बघतो तिथे कॅमेरा न्यायचा. तिने ट्रायपॉड उचलला आणि थेट त्या काठावर जाऊन उभी राहिली.

ओत्सो बघत होता, नेमक्या त्या जागी.

तिथे थंडी वेगळी होती. बाहेरून लागणारी नव्हे. आतून चढणारी. आणि वास येत होता... ओल्या लोकरीचा. पाइपच्या तंबाखूचा.

मार्लिसने डोळा कॅमेऱ्याला लावला. ओत्सो सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता. इतक्या मायेने, की तिला गलबलून आलं.

खट्.

आपल्या हातून असा फोटो कधी निघाला नव्हता, असं ती आजही म्हणते.

"आता माझाही एक काढ त्याच्याबरोबर," ईना म्हणाली. पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणून डाव्या हाताने तिने व्हरांड्याचा लाकडी कठडा धरला, उजव्या हातात निळा पट्टा. तोही फोटो झाला. मग ईना ओत्सोला घरात घेऊन गेली. मार्लिसने रिकाम्या अंगणाचा फोटो घेतला आणि सामान आवरलं.

गाडीकडे जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. का ते तिला सांगता येत नाही.

गुरुवारी सकाळी दहाला ती कामाला बसली. खिडकीतून ऊन येत होतं. रेडिओवर हवामान चाललं होतं. तिने ओत्सोचा फोटो उघडला.

गळपट्ट्यापासून उजवीकडे निळा पट्टा. ईनाच्या हाताकडे. ठीक.

आणि गळपट्ट्यापासून समोर...

तांबडा दोर.

मार्लिसने फोटो मोठा केला. विणलेला दोर, भिजलेला. पाण्याचे थेंब लोंबत होते त्याला. ताणलेला होता. गळपट्ट्यातून निघून तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येत होता आणि चौकटीच्या खालच्या कडेला दिसेनासा होत होता.

म्हणजे, जो फोटो काढत होता, त्याच्या कमरेशी.

मार्लिसचा हात आपोआप स्वतःच्या कमरेकडे गेला.

भिंगावर धागा आला असेल, असं तिने मनाला बजावलं. रिकाम्या अंगणाचा फोटो आहेच, त्याने पुसू. तिने तो उघडला.

अंगण होतं. पायऱ्या होत्या. कुत्रा नव्हता. ईना नव्हती.

दोर होता.

हवेत ताणलेला. कुत्र्याच्या गळ्याच्या उंचीवर त्याची कडी, उघडी. वाट बघत असल्यासारखी.

मार्लिस उठली. रेडिओ बंद केला. मग शांतता सोसवेना म्हणून पुन्हा लावला. ईनाचा कठड्याजवळचा फोटोही तिने पाहिला. त्यात फक्त निळा पट्टा होता. बाकी काही नाही.

ती पुन्हा ओत्सोच्या फोटोकडे वळली. दुपारी छापून द्यायचा शब्द दिला होता. ईनाच्या हाती एकच दिवस उरला होता. तिने तांबडा दोर ठिपका ठिपका करून पुसला. फोटो बंद केला, उघडला.

दोर होता.

पुन्हा पुसला. पुन्हा होता. तिसऱ्यांदा तर तो जास्तच ओला दिसत होता.

मग तिने तो नाद सोडला आणि निदान निळा तरी पुसावा म्हणून त्यावर हात फिरवला.

निळा पट्टा एका फटक्यात गेला. पुसला जायला टेकल्यासारखा.

घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

फोन वाजला.

"मार्लिस," ईनाचा आवाज अगदी सपाट होता. "ओत्सो दिसला का गं तुला कुठे?"

मार्लिसचं घर तळ्याच्या पलीकडे, चार मैलांवर. फरफटत चालणारा कुत्रा तिथवर येणार कसा? पण तसं ती म्हणाली नाही. तिने विचारलं, काय झालं.

"व्हरांड्यात उभी होते त्याला घेऊन. पट्टा हातात होता. एकदम हात हलका झाला. बघते तर..."

"तुटला?"

"तुटला नाही. कडी बंद आहे. गळपट्टाही बंद आहे, बक्कल लावलेलं. दोन्ही माझ्या हातात आहेत. आत कुत्रा नाहीये, पोरी."

मार्लिसने गाडी कशी हाकली ते तिला आठवत नाही. पोलिसांचा एक माणूस आधीच येऊन उभा होता. तिघांनी मिळून बर्फावरचे ठसे पाहिले.

पायऱ्यांपासून काठापर्यंत ओत्सोचे पंजे. मागच्या डाव्या पायाची फरफट, जशी नेहमी असायची.

काठावर, मार्लिसचा ट्रायपॉड जिथे उभा होता तिथे, बुटांचे ठसे सुरू झाले होते. मोठे, पुरुषाचे. तिथवर येणारे नव्हते. तिथून फक्त जाणारे.

पुढे दोघांचे ठसे शेजारी शेजारी, तळ्यावर. वीसेक पावलांनंतर...

फरफट थांबली होती.

डावा पाय नीट टेकत होता. मग उड्या. चारही पाय एकदम उचलून पिल्लं मारतात तशा.

तळ्याच्या मध्यावर ठसे संपले. भोक नव्हतं, भेगही नव्हती. पोलिसाने गिरमिटाने छिद्र पाडून मोजलं. दोन फूट जाड बर्फ. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि वहीत काय लिहायचं ते त्याला सुचेना.

"किती वाजता पुसलास?" ईनाने विचारलं.

मार्लिस दचकली. पट्टा पुसल्याचं ती कुणाला बोललीच नव्हती.

"दहा चाळीस."

ईनाने मान हलवली. रडली नाही. "म्हणजे माझाच हात सुटला," एवढंच म्हणाली.

मार्लिसने दुसऱ्या दिवशी फोटो छापून दिला. त्यात आता कुठलाच दोर नव्हता, निळा नाही आणि तांबडाही नाही. ईनाने तो चुलीवरच्या फळीवर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"माझ्याकडे असा कधीच बघितला नाही मेला," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. हेवा होता.

गोष्ट इथे संपली असती तर मीही झोपलो असतो निवांत.

पुढच्या डिसेंबरात तळं पहिल्यांदा गोठलं, त्या दुपारी मार्लिसला ईनाचा फोन आला. आवाज खुशीत होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती म्हणाली,

"तो माझा दुसरा फोटो आहे ना गं, पायऱ्यांवरचा? त्यात मी कठडा धरलाय."

"हो."

"तेवढा कठडा पुसून देशील?"

कॉम्प्युटर बिघडलाय असं काहीतरी मार्लिस पुटपुटली.

"घाई नाही," ईना म्हणाली. "बर्फ आहे मार्चपर्यंत."

फोन ठेवल्यावर मार्लिसने तो फोटो उघडला. उघडायला नको होता.

ईनाच्या उजव्या हातात निळा पट्टा नव्हता. मनगटाला तांबडा दोर होता, दोन वेढे घेतलेला, ओला. समोर ताणलेला.

मार्लिसने तो फोटो पुसला नाही. बदलला नाही. पासवर्डचं कुलूप लावून ठेवला. त्या आठवड्यात तिने स्वतःच्या खर्चाने कामगार नेऊन ईनाच्या व्हरांड्याचा कठडा काढून लोखंडी बसवला. ईनाने हरकत घेतली नाही. कामगाराला कॉफी दिली, गोड पाव दिला, आणि म्हणाली, "मार्लिस भारी काळजी करते."

ह्याला चार वर्षं झाली. ईना आहे अजून, ठणठणीत. दर हिवाळ्यात तळं गोठलं की एक फोन करते. तेच विचारते, तितक्याच गोडीने.

मार्लिस कुत्र्यांचे फोटो अजूनही काढते, पण पट्टे पुसत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, दुसरीकडे जातं. जाऊ दे म्हणते.

गेल्या मंगळवारी तिने मला बोलावून घेतलं. एकटीने बघवेना म्हणून. दुपारची वेळ होती. तिने कुलूप उघडून तो फोटो समोर ठेवला आणि शपथ घेतली की ह्याला तिने हात लावलेला नाही.

लाकडी कठडा वरून खालपर्यंत फिकट होत गेलाय. पहिल्या पायरीशी अजून थोडा ओळखू येतो. वर, ईनाच्या हाताजवळ...

मूठ घट्ट मिटलेली आहे. बोटांची पेरं पांढरी पडलीत.

मुठीत काहीच नाही.