सहा चाळीसची कॉफी

यातल्या तारखा आणि वेळा माझ्या वहीत आहेत. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे घडलं ते असंच घडलं. गल्लीचं नाव देत नाही. तिथे अजून लोक राहतात.

चेन्नई, वलसरवाक्कम. शुक्रवार, १५ जून २००७.

माझी धाकटी बहीण विद्युलता. तिला श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली होती. कंपनीच्या गेस्ट हाऊसमधली खोली फक्त रविवारपर्यंत होती. घर शोधायला म्हणून मी तिच्याबरोबर गेलो होतो. निघताना अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बजावलं होतं, "चांगल्या वस्तीत घर मिळालं तर राहील. नाही तर रविवारी तुझ्याबरोबर सांगलीला परत."

अण्णा बोलले की विषय संपतो.

विद्युलता मात्र गाडीत बसल्यापासून एकच म्हणत होती, "दादा, मी परत येणार नाही हं. सांगून ठेवते."

मी सांगलीतल्या एका दैनिकात काम करतो. दोघांकडून खात्री झाल्याशिवाय बातमी लावायची नाही, ही जुनी सवय. घराच्या बाबतीतही तेच ठरवलं. प्रत्येक गल्लीत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक चक्कर. प्रत्येक चकरेत एका अनोळखी माणसाला एकच प्रश्न... एकटी मुलगी इथे राहू शकेल का?

चार दिवसांत अकरा घरं पाहिली. पाहिली म्हणजे बहुतेक दारातूनच.

"फॅमिली मट्टुम, सार." फक्त कुटुंबाला.

"नॉन-व्हेज खाता?"

"लेडी अलोन? नो, नो."

एका आजोबांनी तिलाच विचारलं, "हजबंड कुठे आहे?"

"अजून शोधला नाही. आधी घर शोधतेय."

दार बंद.

एक घर सगळ्या बाजूंनी पसंत पडलं, तर संध्याकाळच्या चकरेत शेजारीच दारूचं दुकान उघडलेलं. दुसरं बस थांब्यापासून वीस मिनिटांवर, रस्त्यात एक दिवा नाही. एजंटाचं तोंडपाठ एकच. "सेफ, सार. व्हेरी सेफ." शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तो शब्द ऐकला तरी माझं डोकं उठायचं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता बारावं घर पाहिलं.

लहानसं, एकमजली. लोखंडी फाटक, खाली कुलूप, बाजूने जिना, वर दोन खोल्या. कंपनीची बस जिथे थांबायची तो कोपरा चालत सात मिनिटांवर. मालक राघोत्तम राव बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही आपसात बोललेलं त्यांनी ऐकलं आणि चष्मा वर सरकवला.

"तुम्ही मराठी की? वाङ्गो, वाङ्गो, या! आम्ही पण मराठीच. तंजावूरचे. आमची मराठी जुनी आहे, हसू नका हं."

चार दिवसांत पहिल्यांदा कुणी आम्हाला "या" म्हणालं होतं.

त्यांनी नवऱ्याची चौकशी केली नाही. मटणाची केली नाही. खालचा मजला आईचा होता, ती वारली, सामान तसंच आहे, एवढं सांगितलं. आपण दुसरीकडे मुलाकडे राहतो म्हणाले.

कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी होती. इस्त्रीवाला व्यंकटेश. मुंबईत चार वर्षं काढल्यामुळे त्याला मोडकं हिंदी यायचं. मी माझा प्रश्न विचारला.

"साब, ये गली में लडकी को कोई हाथ नहीं लगाएगा. पूरा गली देखता है."

मी वहीत लिहिलं. एकाकडून खात्री झाली.

दुपारच्या चकरेत सगळ्या गल्लीत विचारायला कुणी भेटलं नाही. संध्याकाळची चक्कर राहिली होती. ती मी मारली नाही. पायांचे तुकडे पडले होते, आणि मालक मराठी निघाला होता.

त्या चुकलेल्या चकरेची चीड मला आजही येते.

आमच्या घरात बाहेर पडताना "जाते" म्हणत नाहीत. घर रिकामं असलं तरी "येते" म्हणूनच उंबरा ओलांडायचा, हे आईने लावलेलं वळण. सोमवारी सकाळी विद्युलता पहिल्यांदा त्या घरातून कामाला निघाली. दाराला कुलूप लावलं आणि सवयीने म्हणाली, "येते."

खालून आवाज आला...

"ये."

तिला वाटलं, शेजारचं कुणीतरी असेल. छान वाटलं, असं तिने मला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. मी सांगलीला परत पोचलो होतो. मलाही छान वाटलं.

संध्याकाळी सहा चाळीसला ती फाटकापाशी पोचायची. फाटक उघडलं की खालच्या बंद मजल्यातून कॉफी ओतल्याचा आवाज यायचा. स्टीलच्या पेल्यातून वाटीत. वाटीतून पेल्यात. तिकडे कॉफी अशीच निववतात, आवाज ओळखू येतो. मग वास.

"राव काकांनी खाली कुणाला तरी ठेवलंय वाटतं," ती म्हणाली. "बरं आहे दादा. कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं."

चार महिने असेच गेले.

सोमवार, २९ ऑक्टोबर. पूनमल्लीच्या रस्त्यावर पाणी तुंबलं. बस अडकली. विद्युलता आठ वाजता घरी पोचली.

फाटक उघडलं. कॉफीचा आवाज आला नाही.

ती जिना चढली. वरच्या दारात, उंबऱ्यावर, स्टीलचा पेला होता.

भरलेला.

कॉफी पार थंड झाली होती. वर जाड साय.

खालून आवाज आला. अगदी जिन्याच्या पायथ्यापासून...

"उशीर?"

तिने वाकून पाहिलं. पायथ्याशी कुणी नव्हतं. खालच्या दाराला कुलूप होतं. तेव्हा तिने ते कुलूप पहिल्यांदा नीट पाहिलं. गंजलेलं. कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं.

तिने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, "दादा, तू ये. अण्णांना सांगू नकोस. मला परत बोलावतील."

रजा मिळायला तीन आठवडे लागले. गुरुवार, २२ नोव्हेंबरला मी तिथे पोचलो. ती कामावर गेली होती. मी मुद्दाम खालच्या पायरीवर बसून राहिलो. गल्लीतले दिवे लागले होते. समोरच्या घरात कुकर शिट्टी देत होता. पोरं खेळत होती.

सहा चाळीस झाले. तिची बस त्या दिवशीही उशिरा होती.

फाटकाची कडी उचलली गेली. फाटक उघडलं नाही. कडी नुसतीच उचलली गेली, आणि खाली पडली.

माझ्या पाठीमागे, बंद दाराच्या आत, कॉफी ओतली जाऊ लागली. पेल्यातून वाटीत. वाटीतून पेल्यात. मी मोजत होतो. सात वेळा. मग आवाज थांबला.

मी दाराला कान लावला.

आत, लाकडाच्या पलीकडे, माझ्या कानाच्याच उंचीवर, कुणीतरी श्वास घेत होतं...

"येते म्हणाली होती," ते म्हणालं.

मी तडक कोपऱ्यावर गेलो. व्यंकटेशने मला पाहिलं आणि इस्त्री बाजूला ठेवली. बहुतेक तो माझी वाटच बघत होता.

त्याने सगळं सांगितलं. राघोत्तम रावांना त्यांच्याहून खूप धाकटी एक बहीण होती, कीर्तना. तीही श्रीपेरुंबुदूरकडे नोकरीला होती, कंपनीच्या बसने जायची. २००४ सालच्या एका सकाळी "पोइट्टु वरेन", म्हणजे जाऊन येते, असं आईला सांगून निघाली. बसपर्यंत पोचलीच नाही. सात मिनिटांच्या रस्त्यात काय झालं ते कुणालाच कळलं नाही. पोलीस आले, गेले. आई कृष्णवेणीअम्मा रोज सहा चाळीसला कॉफी घेऊन पायरीवर बसायच्या. आठ महिने बसल्या. मग वारल्या.

"तब से पूरा गली देखता है, साब," व्यंकटेश म्हणाला. "इसलिए सेफ है."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आपने सेफ पूछा. मैंने सेफ बोला."

मी रावांना फोन लावला. ओरडलोच. ते शांतपणे ऐकत राहिले.

"इतकी घरं पाहिलीत म्हणालात ना तुम्ही? मग सांगा, या घरी तुमच्या बहिणीला कुणी त्रास दिला का?"

"प्रश्न तो नाही!"

"तुम्ही गल्लीत तोच विचारत होतात की." मग म्हणाले, "अम्माला वर पावलं ऐकू आली की ती शांत असते. रिकामं होतं तेव्हा गल्लीत कोणाला झोप नव्हती."

मी फोन ठेवला. लिहून घ्यायला वही उघडली होती. ती तशीच मिटली.

घर सोडायचं ठरवलं. टी. नगरला नोकरी करणाऱ्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये जागा मिळाली. एका खोलीत तिघी, खाली दिवसभर साड्यांच्या दुकानांची गर्दी. विद्युलता तयार नव्हती.

"दादा, या शहरात माझी वाट बघणारं एकच घर आहे. तेही सोडायला लावतोयस."

"ती तुझी वाट बघत नाहीये, विद्यु."

"माहीत आहे मला."

रविवार, २ डिसेंबर. दुपारी तीन वाजता सामान टेंपोत चढलं. मी तिला दहा वेळा बजावलं होतं... निघताना एक शब्द बोलायचा नाही. तिने मान हलवली होती. शेवटची पिशवी तिच्या हातात होती. तिने दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली काढली.

आणि म्हणाली, "येते."

आम्ही दोघेही जागच्या जागी थांबलो. चोवीस वर्षांची सवय होती ती. मी खालच्या दाराकडे पाहत राहिलो.

काही आवाज आला नाही.

काहीच नाही. समोरच्या घरातला रेडिओसुद्धा त्या क्षणी बंद झाल्यासारखा वाटला.

हॉस्टेलमध्ये काही घडलं नाही. २००९ च्या सुरुवातीला तिची बदली पुण्याला झाली. तिथेही काही घडलं नाही. फक्त एक गोष्ट मी पाहिली आहे. संध्याकाळी ती कुठेही असो, कुणाशीही बोलत असो, मध्येच गप्प होते आणि दाराकडे बघते. अशा वेळी मी घड्याळ पाहतो. दर वेळी तीच वेळ असते.

रावांनी ते घर पुन्हा कुणाला दिलं नाही. व्यंकटेशचा एकदा फोन आला होता. तो म्हणाला, वरच्या उंबऱ्यावर रोज संध्याकाळी पेला असतो. सकाळी नसतो. मी त्याला परत फोन करू नकोस म्हणून सांगितलं.

मागच्या महिन्यात कंपनीने विद्युलतेला दोन दिवसांसाठी चेन्नईला पाठवलं. तिने नाही म्हणावं म्हणून मी भांडलो. ती म्हणाली, "दोन दिवसांचं काम आहे दादा, काय तू." हॉटेल कुठे आहे ते विचारलं. तिने सांगितलं नाही.

मी मुद्दाम सांगलीहून तिला पुणे स्टेशनवर सोडायला गेलो. ती डब्यात चढली, दारात उभी राहिली. गाडी हलली.

"येते, दादा."

आमच्या घरात याला "ये" म्हणायचं असतं. माझ्या तोंडून तो शब्द फुटला नाही.

तिने मात्र मान किंचित वळवली. डब्याच्या आत, कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी...

आणि समाधानाने हसली.