ईश्वरीला न्यायला कुणी आलं नाही

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे माझ्या मावसबहिणीच्या डोळ्यांदेखत घडलंय. तृप्ती तिचं नाव. मंठा गावात, धान्यबाजाराच्या मोंढ्यामागं तिचं पाळणाघर आहे. गोष्ट गेल्या मार्गशीर्षातली... आणि भर दिवसाची.

तृप्तीनं पाळणाघरासाठी नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात प्रत्येक लेकराची प्रोफाइल बनवायची. फोटो, आईचा नंबर, न्यायला कोण येणार ते. लेकरू आलं की 'हजर' दाबायचं, घरी गेलं की 'नेलं'. दोन्ही वेळेला आईला मेसेज जातो.

दुपारी लेकरं झोपली होती. तृप्तीनं मोबाईलमधले सगळे जुने फोटो आणि आयांचे नंबर भराभर चढवून टाकले.

त्यात ईश्वरीचाही फोटो चढला.

ईश्वरी श्रावणात तापानं गेली होती.

घाईत तृप्तीच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक जोरात वाजलं...

ईश्वरीची आई शालू दारात उभी. कापसाच्या जिनिंगमधलं काम टाकून पळत आलेली. केसांत कापूस, हातात मोबाईल.

"ताई, ईश्वरी पोहोचली म्हणून मेसेज आलाय. कुठंय ती?"

तृप्तीनं मोबाईल उघडून पाहिला. तिनं 'हजर' दाबलंच नव्हतं.

"शालू, माझं चुकलं गं. तिचं नाव काढायचं राहून गेलं..."

शालू ऐकतच नव्हती. आत शिरली. खेळण्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

आणि हसली.

"किती घाम आलाय गं," म्हणाली. पदरानं काहीतरी पुसलं.

तिथं कुणीच नव्हतं.

मग ती उठली. एक हात खाली, बोट पुढं केलेलं... लेकरानं धरावं तसं. तशीच चालत फाटकाबाहेर गेली.

तृप्तीच्या मोबाईलवर आपोआप उमटलं. 'ईश्वरी. नेलं.'

मग रोजच. सकाळी 'हजर'. संध्याकाळी शालू येऊन बोट पुढं करायची.

प्रोफाइल काढून टाकावी असं तृप्तीला रोज वाटायचं. पण शालू परत जेवायला लागली होती. तिचं हसू बघून तृप्तीचा हात धजायचा नाही.

एका दुपारी शालूचा नवरा पुंजाराम आला.

"ताई, काय करून राह्यल्या तुम्ही? बायको रोज लेकराचं ताट वाढून राह्यली. मेलंय आमचं लेकरू! बिलकुल दया न्हाई का तुम्हाला?"

तृप्तीनं मोबाईल हातात घेतला. त्याच्यासमोरच तिनं ईश्वरीची प्रोफाइल काढून टाकली.

त्याच दुपारी तो शालूला शहागडला, तिच्या माहेरी घेऊन गेला.

संध्याकाळी सगळी लेकरं गेली. तृप्तीनं दार ओढलं...

आतून हुंदका आला.

बारीक. दाबलेला.

"आई कवा येनार?"

तृप्तीनं दार परत उघडलं. पोरगी सकाळीच 'हजर' झाली होती. आत होती. आणि हिनं नाव काढून टाकलं होतं.

तिनं प्रोफाइल परत बनवली. 'नेलं' दाबून पाहिलं. शालूला फोन लावला. बंद. पुंजारामनं एकदाच उचलला, म्हणाला, "परत फोन केला तर पोलिसात जाईन."

रडणं थांबलं नाही.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो होतो. अंगण रिकामं, फाटकाला कडी. तृप्ती मात्र खेळण्यांच्या कोपऱ्याशी मांडी घालून बसलेली.

"चल की घरी," मी म्हणालो. "गेली ना सगळी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"एक राह्यलीय," ती म्हणाली.

मी खोटं सांगत नाही... मलाही ऐकू आलं.