वेंगीबोडनची हाक

हे मला व्रेनी ओमलिनने स्वतः सांगितलं. तिच्याच स्वयंपाकघरात, भर दुपारी.

व्रेनी थापा मारणारी बाई नाही. आमच्या खोऱ्यातली पिवळी टपालबस ती चालवते. घाटातल्या वळणांवर, धुक्यात, बर्फात. भित्र्या माणसाला ते जमत नाही.

पण सांगताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी ठेवला.

स्वित्झर्लंडमधला ऑबवाल्डन प्रांत. गेल्या ऑगस्टमधला शेवटचा शनिवार. जागा वेंगीबोडन, म्हणजे ओमलिन घराण्याचं डोंगरावरचं कुरण.

उन्हाळाभर गाई तिथे वर असतात. व्रेनीचा धाकटा भाऊ क्लाउस गवत कापायला खाली गावात राहतो. वर गाई, चीज आणि पाहुणे, सगळं त्याची बायको आगाता बघते. पाहुण्यांची कल्पनाही आगाताचीच. गाडी खाली सोडून पायी चढून यायचं, माळ्यावर गवतात झोपायचं, कचरा परत घेऊन जायचं. कुरणाला धक्का न लावता आठवडाभर राहायचं. लोकांना ते फार आवडतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी.

आमच्याकडे कुरणावर रोज तिन्हीसांजेला हाक देतात. दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावायचं, टेकडीवरच्या क्रुसापाशी उभं राहायचं आणि मोठ्याने प्रार्थना म्हणायची. माणसं, गुरं, सगळं देवाच्या हवाली करायचं. आवाज जिथवर पोचेल तिथवर रात्री दगाफटका होत नाही, असं मानतात.

वेंगीबोडनवर ही हाक व्रेनीचे वडील द्यायचे. रेमिगी ओमलिन. शेवटी ते कुरणावर असलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचे. गड्यांचं, कुत्र्याचं, वाट चुकून आलेल्या कुणाचंही. नावं घेण्याआधी त्यांना एक खोकला यायचा. कोरडा, बारीक. रोज, त्याच जागी.

जाण्याआधी त्यांनी नरसाळं लेकाला दिलं नाही. लेकीलाही नाही.

सुनेला दिलं.

त्याला आता दोन हिवाळे झाले.

त्या आठवड्यात वर जे घडलं, ते आगातानेच नंतर व्रेनीला सांगितलं. सोमवारी नवे पाहुणे आले. त्यात हॅम्बुर्गचे एक ल्युडर्स नावाचे शिक्षक होते आणि हॉलंडची फेमके नावाची तरुण मुलगी. संध्याकाळी आगाताने हाक दिली, तेव्हा फेमकेला हसू फुटलं. वाईट मनाने नव्हे, पण फुटलं. ल्युडर्सने फोनवर सगळं टिपलं आणि जेवताना कौतुकाने लावून दाखवलं.

आगाताने स्वतःचा आवाज ऐकला. चिरका. शेळीसारखा. मधेच फाटलेला. टेबलाभोवती सगळे माना डोलावत होते आणि हिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी ल्युडर्सने विचारलं, ही प्रार्थना दुपारी म्हणता येईल का? उजेड छान असतो. आगाताने म्हटली. त्याने सांगितलं तिथे उभी राहिली, त्याने सांगितलं तशी मान वळवली. मग संध्याकाळी तिने मनाशी म्हटलं, आज एकदा झालीच आहे.

तिन्हीसांजेला ती क्रुसापाशी गेलीच नाही.

तिला सुटल्यासारखं वाटलं. मग रोज तसंच. दुपारी फोनसमोर हाक, संध्याकाळी काही नाही.

शनिवारी व्रेनी हाताखाली मदतीला वर गेली. दुपारचा तो प्रकार तिने गोठ्याच्या दारातून पाहिला.  संध्याकाळी सगळे पाहुणे टेबलाशी बसले होते. बटाटे, मॅकरोनी, वर वितळलेलं चीज. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं.

व्रेनीने विचारलं, "अगं, हाक द्यायची वेळ झाली ना?"

आगाता वाढता वाढता म्हणाली, "दुपारी झाली की हो, व्रेनीताई."

"ती देवाला होती की फोनला?"

आगाता खाली मान घालून वाढत राहिली. तिथेच थांबायला हवं होतं, असं व्रेनी मला म्हणाली. पण ती थांबली नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर ती आणखी एक वाक्य बोलली.

"बाबा असते ना, तर आज तुझ्या हातून नरसाळं काढून घेतलं असतं."

आगाताच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. तेवढाच आवाज.

आणि मग...

मग काहीच नाही.

व्रेनीला आधी कळेना, काय बदललं. मग लक्षात आलं. घंटा थांबल्या होत्या. कुरणावर गाई असल्या की त्यांच्या गळ्यातल्या घंटा सतत कानावर असतात. गाय चरते, मान हलवते, माशी उडवते. घंटा कधी पूर्ण थांबत नाहीत.

त्या थांबल्या होत्या. सगळ्या. एकदम.

कुत्रा उठला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

आणि टेकडीवरून... हाक आली.

पुरुषाचा आवाज. जाड, संथ, लाकडातून आल्यासारखा.

पाहुणे खूश झाले. "शेजारचा गुराखी वाटतं," असं काहीतरी ल्युडर्स म्हणाला आणि त्याने टिपायला फोन उचलला.

वेंगीबोडनला शेजार नाही. पलीकडे नुसता कडा आहे.

व्रेनीने आगाताकडे पाहिलं. आगाता भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोक्यामागे, खुंटीवर, नरसाळं तसंच टांगलेलं होतं.

आवाज पुढे चालला होता. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग तो थांबला.

खोकला आला.

कोरडा. बारीक.



मग नावं सुरू झाली. त्यात गावात असलेल्या क्लाउसचं. व्रेनीचं. गाईंची, एकेकीचं. आणि मग... पाहुण्यांची. फेमकेचं नाव आलं तेव्हा तिने तोंडावर हात दाबला. या वेळी हसू नव्हतं. ल्युडर्सचं नाव आलं. त्याने फोन हळूच टेबलावर पालथा ठेवला आणि हात मांडीवर घेतले, शाळेतल्या मुलासारखे.

ही माणसं सोमवारी आली होती. रेमिगी जाऊन दोन हिवाळे झाले होते.

आवाज थांबला. घंटा मात्र सुरू झाल्या नाहीत.

आगाताने खुंटीवरून नरसाळं ओढलं आणि धुक्यात धावली. व्रेनी कंदील घेऊन मागे गेली. टेकडीवर गाई उभ्या होत्या. क्रुसाभोवती गोल करून, तोंडं आत. एकीचीही शेपटी हलत नव्हती. मधे कुणीच नव्हतं.

गाईंमधून वाट काढत आगाता क्रुसापाशी गेली. नरसाळं तोंडाला लावलं.

आवाज फुटेना.

ती पुन्हा पुन्हा श्वास घेत होती आणि नुसती हवा बाहेर येत होती. शेवटी व्रेनीनेच प्रार्थना म्हटली. अडखळत, शब्द चुकत, जन्मात पहिल्यांदा. ती संपली तेव्हा एका गाईने मान हलवली. मग दुसरीने. हळूहळू सगळ्या पांगल्या.

आगाता खाली बसली होती. म्हणाली, "सगळ्यांची नावं घेतली मामंजींनी. कुत्र्याचंसुद्धा घेतलं."

"हो."

"माझं नाही घेतलं."

व्रेनी तिच्याकडे बघतच राहिली. कारण व्रेनीने ऐकलं होतं. स्वच्छ ऐकलं होतं.

खोकल्यानंतर पहिलं नाव आगाताचंच होतं.

तिने तसं सांगितलं. देवाशपथ सांगितलं. आगाता म्हणाली, "राहू द्या, व्रेनीताई. तुम्हीच म्हणालात ना मघाशी, त्यांनी नरसाळं काढून घेतलं असतं म्हणून. बरोबरच होतं तुमचं."

सकाळी पाहुण्यांना आगाताच्या नावाबद्दल विचारावं म्हणून व्रेनी पहाटे उठली. पण त्यांची आवराआवर आधीच झाली होती. अंथरुणं नीट घडी घालून, गवत झाडून, निघायच्या तयारीत. फेमकेने आगाताचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. मग घाईने खाली उतरू लागली. व्रेनीने वाटेत ल्युडर्सला गाठून विचारलंच. तो म्हणाला, मला फक्त माझं नाव कळलं. त्याने फोन उघडलासुद्धा नाही.

तेव्हापासून आगाता एकही संध्याकाळ चुकवत नाही. पाहुणे असोत नसोत. कुणी हसो, कुणी टिपो. तिचा आवाज अजून फाटतो. ती तशीच म्हणते, शेवटपर्यंत, सगळी नावं घेऊन.

मग नरसाळं खाली करते आणि उभी राहते. कान देऊन. अंधार पडेपर्यंत.

गाई खाली आणायच्या आधीच्या शनिवारी व्रेनी पुन्हा वर गेली होती. हाक झाली. दोघी क्रुसापाशी उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून. धुकं नव्हतं. कडा लख्ख दिसत होता.

आणि घंटा... थांबल्या.

आवाज अगदी जवळून आला. दोघींच्या मागून. आधी खोकला.

मग एकच नाव. पुन्हा पुन्हा. ओरडून नाही, मायेने... दाराशी येऊन कुणी घरातल्या माणसाला बोलवावं तसं.

आगाता कड्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आज काही ऐकू आलं का हो?"

 व्रेनी म्हणाली, "तुलाच हाक मारतायत गं. आत्ता. या क्षणाला."

आगाता हसली. व्रेनीच्या हातावर तिने हळूच थोपटलं.

"तुम्ही मनाच्या फार चांगल्या आहात," ती म्हणाली आणि खाली उतरायला लागली.

व्रेनीला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. ती आगाताच्या पाठोपाठ मान खाली घालून उतरत राहिली.

दार लावलं तरी वरून हाक येतच होती.