अक्काचा हिरवा गुलाब

नरडाण्याला आम्ही गेलो ते फक्त अक्काच्या घराची किल्ली नव्या मालकाला द्यायला. मंजुळाअक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. हिवाळ्यात गेली बिचारी. मूल ना बाळ, अंगणात एक हिरवा गुलाब तेवढा. हो बाई, हिरवाच! पाकळ्यासुद्धा पानांसारख्या. लोक हसायचे, अक्का त्याला लेकरू म्हणायची. नवा मालक म्हणाला, उद्या अंगण साफ करतो. मी म्हटलं, त्याआधी कलमं तरी नेऊ.

"भर उन्हाळ्यात गुलाबाचं कलम धरतं का कुठं?" हे म्हणाले.

"न धरायला काय झालं? तुम्ही कात्री द्या आधी."

पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या तिरक्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून धुळ्याला आणल्या. बुडाला कोरफडीचा गर लावून वाळू-मातीत खोचल्या. तरी एकेक काळी पडत गेली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, एकच उरली, तिला एक लालसर कोंब.

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. वर्षात गेलेल्या माणसाची पहिली घागर तर चुकवायचीच नाही, फार तहानलेलं येतं ते, आणि आखाजीच्या घागरीशिवाय दुसरं पाणी त्याला पोचत नाही. अक्काला पोरगं नाही, म्हणून मीच भरली. नवी मातीची घागर, वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली. दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावायचा नसतो.

आणि नळाला आठवडाभर पाणी नाही! उरलंसुरलं पुरणपोळीच्या स्वयंपाकात संपलं. हे टँकरच्या मागे गेलेले. दुपारी बाहेर ओट्यावरच्या कुंडीत पाहिलं, तर कोंबानं मान टाकलेली. जीव कासावीस झाला माझा. "अक्का, लेकरू तुझंच, पाणीही तुझंच," असं म्हणत मी खरबूज बाजूला केलं आणि घागरीत तांब्या बुडवला. मला मेलीला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं.

कलमाला पाणी घालून तांब्या कठड्यावर ठेवला. तेवढ्यात आतून आवाज आला. डुबुक...

घरात मी एकटी. बाहेर ऊन रणरणतंय, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ओल्या मडक्याचा वास एकदम दाटून आला. पुन्हा डुबुक... मग कोरड्या मातीवर काहीतरी खरवडल्यासारखं. खर्र... खर्र...

"सुनंदा... पानी शे का व?"

अक्काच. आजारपणात अंथरुणातून पाणी आहे का विचारायची, तसंच दबकत.

आत जाऊन पाहिलं, तर घागर ठणठणीत कोरडी. मी एकच तांब्या घेतला होता हो!

"थांब अक्का... आणते..."

शेजारच्या पुष्पाबाईंकडून कळशी मागून धावत आले, घागरीत ओतली. मग आवाज नाही की काही नाही. संध्याकाळपर्यंत हात जोडून बसले, पण पाणी बोटभरही उतरलं नाही.

कलम मात्र धरलं. असं फोफावलं की बघत राहावं! हे म्हणाले, "उपटून टाक." कसं उपटू? अक्काचं दुसरं काय उरलंय? पण त्याला पाणी घालताना रोज रडू येतं. आयुष्यभर तिनं कुणाकडे घोटभर पाण्यापलीकडे काही मागितलं नाही. एक घागर होती तिच्या हक्काची, तीही मी झाडाला पाजली.

श्रावणात लेक आली, मोनाली. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी देवळात गेलेली असताना फांदी कापून जळगावला सासरी घेऊन गेली. परवा, दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला, आवाज नुसता आनंदात.

"मम्मी, धरलं गं कलम! आणि ऐक ना, दुपारी मागच्या दारी एक म्हातारी येते, पदर पार नाकापर्यंत ओढलेला. सुनंदा, सुनंदा म्हणून हाका मारते, तुझंच नाव बघ! म्हटलं, आजी, इथं सुनंदा नाही राहत."

"पाणी... पाणी दिलंस का गं तिला?"

"दिलं ना, तांब्याभर. तोंडाला लावते गं, पण थेंबही आत जात नाही. तांब्या तसाच भरलेला परत देते, आणि रोज एकच विचारते... आखाजी कधी शे व?"